चौतीस खणांचा तक्ता

अंधेरी,
रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

ती. दादास,
कुंदाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता कपाटावर टाकलं असशील. तसं असेल तर सुनंदावहिनी, तू फोड आणि तो जेवायला बसला की मोठ्याने वाच. पानावरून उठायचं नाही हा त्याचाच नियम आहे.

दादा, यादीचं आणि वनमालाबाईंचं मी तुला लिहिलं, त्यावर आलेलं तुझं कार्ड मी जपून ठेवलंय. तीनच ओळी. "घरयादी बरोबर आहे. तिच्यावर माझी सही आहे. त्या बाईंच्या नादी लागायचं असेल तर यापुढे मला पत्र लिहू नये." लिहू नये म्हणे. सख्ख्या बहिणीला कुणी असं लिहितं का रे, कचेरीतल्या कारकुनाला लिहिल्यासारखं? भाऊबीजेला पाट मांडून ठेवला होता. आत्या म्हणत होती, "येईल गं, नाशिकहून यायचं म्हणजे उशीर व्हायचाच." शेवटी मी चंद्राला ओवाळलं आणि पाट उचलून भिंतीला टेकवला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. आईबाबांमागे तू मला वाढवलंस, शिकवलंस, मास्तरीण केलंस, त्यात एकही भाऊबीज चुकली नव्हती.

आता लिहू नये ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तू मला तुझ्या कचेरीसाठी वेसाव्याच्या कोळीवाड्याची घरयादी करायला लावलीस. दोनशे चौदा घरं. नाव, वय, नातं, व्यवसाय. पुरुषांपुढे मी लिहिलं मासेमारी. बायकांपुढे लिहिलं, नाही. वरून खालपर्यंत नाही, नाही, नाही. तू खाली सही केलीस, बदली होऊन नाशिकला गेलास आणि आपण दोघं ते विसरलो.

आता तीच यादी वर आली आहे. कोळीवाड्यामागचं बोंबील सुकवायचं मैदान एका कंपनीला बर्फाच्या कारखान्यासाठी हवं आहे, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायला समिती बसली आहे. मैदानावर ज्यांचा धंदा चालतो त्यांचा हक्क विचारात घेणार म्हणतात. धंदा कुणाचा चालतो? यादी काढा. पुरुष समुद्रावर आणि बायकांना व्यवसाय नाही, म्हणजे मैदान मोकळंच.

डॉ. वनमालाबाई खांडेपारकर आमच्या शाळेत आल्या त्या या कामासाठी. बायकांच्या श्रमांवर डॉक्टरेट केलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत पुठ्ठ्याची फाइल. हेडमास्तरांनी मला पुढे केलं आणि मी नाक वर करून सांगितलं, "कोळीवाड्याचं मला विचारा. घरन् घर मीच लिहिलंय."

"कितीला जात होतात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"दुपारी. बारा ते तीन."

"घरात कोण असायचं?"

"पुरुष. जाळी दुरुस्त करत बसलेले असायचे. सगळी माहिती द्यायचे बिचारे."

"आणि बायका?"

"बायका नसायच्या घरी."

"कुठे असायच्या?"

दादा, तूच बघ. दोनशे चौदा घरांत शिरले, जवळजवळ एकाही घरात बाई नव्हती, आणि प्रत्येक वेळी मी लिहून आले की बाई काही करत नाही. वनमालाबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी माझा चहा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "निवतोय."

कर्त्या पुरुषाला विचार, असं तूच सांगितलं होतंस. मी विचारलं. माझं काय चुकलं?

तुझी,
कुंदा

अंधेरी,
रविवार, ५ डिसेंबर १९५४

ती. दादास,

उत्तर नाही. ठीक आहे. मला सवय होईल असं वाटलं होतं, अजून झालेली नाही.

वनमालाबाईंची कामाची तऱ्हा तुला सांगायलाच हवी. यादी, तक्ते, रकाने यांतलं तुला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही, आणि मला हे दुसऱ्या कुणाला सांगून भागणार नाही.

त्या "काम काय करतेस" असं विचारतच नाहीत. तो प्रश्न मी सगुणाला विचारून पाहिला. सगुणा म्हणजे महादूची बायको, शाळेमागचं तिसरं घर. म्हणाली, "आगो बाय, काम कसला? आमी घरचाच करताव." झालं, नवऱ्याने सांगितलं तेच बायकोने सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "काल जाग कधी आली? मग काय केलंस? मग?" आणि सगुणा सांगत गेली, पार दिवेलागणीपर्यंत. बाईंकडे एक तक्ता असतो. पहाटे चार ते रात्री नऊ, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौतीस खण. एकही खण रिकामा सोडायचा नाही हा नियम. "काही नाही" असं लिहायला मनाई आहे. बसलीस तर बसलीस लिहायचं, पण बसल्या बसल्या हात काय करत होते तेही लिहायचं.

सगुणाच्या तक्त्यात मी काय लिहिलं ते वाच. विहिरीचं पाणी. बंदरावर जाऊन मासळी निवडणं. पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारापर्यंत चालत. विक्री. परत चालत. मग मैदानावर. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर, जोडीजोडीने अडकवायचे, फिरवायचे, कावळे हाकायचे, दव पडायच्या आत काढायचे. यात स्वयंपाक आणि तीन पोरं मधेमधे येतात. महादू बाजूला जाळं घेऊन बसला होता. तो ऐकता ऐकता थांबला. "येवरा सगला?" म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली आहेत त्याच्या.

नुसतं सांगण्यावर बाई विश्वास ठेवत नाहीत. त्या घाटकोपरला राहतात, पहाटे चारला वेसाव्यात पोचणार कशा? तर आदल्या संध्याकाळी येऊन आमच्या शाळेतल्या बाकावर झोपल्या. डॉक्टर झालेली बाई, दादा, चौथीच्या वर्गात, उशाला फाइल घेऊन. गजराचं घड्याळ बरोबर. दर अर्ध्या तासाला ते वाजायचं की कोण कुठे आहे ते टिपायचं. बाजाराच्या वाटेवर कोळशाची वखार आहे, तिथल्या काट्यावर त्यांनी सगुणाची पाटी ठेवायला लावली. बासष्ट पौंड. वखारवाला म्हणाला, "माझा हमाल एवढ्याला कुरकुर करतो." मग बाईंनी ती पाटी स्वतःच्या डोक्यावर मागितली. बायका हसून हसून लोळल्या. बाईंना चाळीस पावलं जमली, आणि नंतर तीन दिवस मान वळत नव्हती. अहवालाच्या टिपणात त्यांनी लिहिलंय, "निरीक्षकाने ओझे चाळीस पावले वाहिले. वेसावे ते अंधेरी बाजार हे अंतर निरीक्षकाला अशक्य." आपल्याला काय जमत नाही हे असं पुराव्यासारखं लिहून ठेवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

कोळणी त्यांना डाक्टरीणबाय म्हणतात. सगुणाने पहिल्याच दिवशी पायाचं गळू दाखवलं. "मी तसली डॉक्टर नाही गं," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी मलमाची डबी घेऊन आल्या.

मी सगुणाला म्हटलं, मी दोन वर्षांपूर्वी आले होते यादी करायला. ती म्हणाली, "दुपारच्याला आलीस तं आमी कशा गावणार?" एवढंच म्हणाली आणि बोंबील फिरवायला गेली. आपण उंटावरून शेळ्या हाकल्या, दादा, आणि त्यातही शेळ्या घरी नसताना.

समितीची सुनावणी एकवीस जानेवारीला आहे.

तुझी,
कुंदा

अंधेरी,
रविवार, ९ जानेवारी १९५५

ती. दादास,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आत्या म्हणाली, "तुझा भाऊ काही वाघ नाही." वाघ असतास तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिलं, कर्त्या पुरुषाला विचार असं तू सांगितलं होतंस. तू तेवढंच सांगितलं नव्हतंस. यादी हातात देताना तू म्हणाला होतास, "दुपारचं झालं की दिवेलागणीला परत एक फेरी मार, बायका घरी असतील तेव्हा ताडून बघ." मी गेले नाही. उकाडा होता, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि खरं कारण हे की मला तो वास सहन होत नव्हता. शेवटच्या गल्लीतली चाळीस घरं तर मी होडीच्या सावलीत बसून एकट्या महादूला विचारून लिहिली. तू विचारलंस, "दुसरी फेरी केलीस ना?" मी हो म्हणाले. तू सही केलीस. कुणाचीही यादी तू न तपासता पुढे पाठवत नाहीस. माझी पाठवलीस.

म्हणजे तू तिकडे नाशकात बसून यादी बरोबर आहे म्हणतोस ते हट्टाने नाही. तू माझ्या शब्दावर विसंबला आहेस. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वर्गात होते, फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. मुलींना म्हटलं, वही काढा आणि गप्प बसा, आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

वनमालाबाईंना मी काल सगळं सांगितलं. त्यांच्या नव्या तक्त्यांसमोर आपली यादी ठेवली जाणार. समिती म्हणेल, एक बाई म्हणते बायका काम करतात, सरकारी यादी म्हणते करत नाहीत, आणि यादीवर शिक्का आहे. जुनी यादी खोटी कशी ठरली हे सांगणारं माणूस मीच. पण बाईंनी मला साक्षीला या असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुमची नोकरी आहे, आणि भाऊही एकच आहे. तक्ते मजबूत आहेत. तुमचं नाव मी घेणार नाही."

"आणि तक्ते पुरले नाहीत तर?"

"तर मैदान जाईल," म्हणाल्या. त्यांनी गोड लावून सांगितलं नाही. जे आहे ते समोर ठेवलं आणि फाइलची नाडी बांधली.

मैदान गेलं तर सगुणा बोंबील कुठे सुकवणार? पावसाळ्याचे तीन-चार महिने होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा घर त्या सुक्या बोंबलांवर चालतं. हे मला आता कळलं. तेव्हा मला फक्त वास कळला होता.

मी उभी राहिले तर तुझी सही खोटी पडते. नाही राहिले तर दोनशे चौदा घरांतल्या बायका खोट्या पडतात. तू सांग, दादा. एकदा तरी लिही. सोबत एक कोरा तक्ता ठेवते आहे, नुसता बघायला. आखणी तुला आवडेल.

कुंदा

अंधेरी,
रविवार, २३ जानेवारी १९५५

ती. दादास,

तुझं उत्तर आलं नाही, सुनावणी आली.

मी मागच्या बाकावर बसले होते. ठरवून गेले होते की बोलायचं नाही, मूग गिळून बसायचं. सगुणा आणि आणखी दहाबारा जणी दाराशी उभ्या होत्या. बसायला खुर्च्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्या बसल्या नाहीत. वनमालाबाईंनी ते पाहिलं आणि त्याही उभ्याच राहिल्या, दोन तास.

त्यांनी दोनशे चौदा तक्ते टेबलावर मांडले. कुठलंही विशेषण नाही, आवाज चढवला नाही. फक्त किती वाजता, कोण, कुठे, किती पौंड. एका सभासदाने सहज एक तक्ता उचलला आणि वाचताना त्याचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, जमलं.

मग कंपनीच्या वकिलाने एक जाडं, काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. वनमालाबाईंचाच डॉक्टरेटचा प्रबंध. चौथं प्रकरण, किनाऱ्यावरची मच्छीमार कुटुंबं. त्याने वाचून दाखवलं की या कुटुंबांतल्या स्त्रिया मुख्यतः गृहकृत्यांत व्यग्र असतात. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "ही आपलीच वाक्यं ना? सरकारी यादीही हेच म्हणते. मग आज नवीन काय झालं?"

त्या प्रबंधावर त्यांचं नाव आहे, त्यावर त्या शिकवतात, त्यांची खुर्ची त्यावर उभी आहे.

बाई म्हणाल्या, "हो, माझीच वाक्यं. ती चुकीची आहेत."

"चुकीची?"

"मीही दुपारी गेले होते. घरात पुरुष होते. मी त्यांना विचारलं आणि लिहून आणलं. त्यावर मला पदवी मिळाली. दहा वर्षांनी कोळीवाड्याच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला मी विचारत होते की बायका कुठे होत्या, तेव्हा तो प्रश्न मी स्वतःलाच पहिल्यांदा विचारला. चौथं प्रकरण मी मागे घेते. कृपया तशी नोंद करा."

नोंद करणाऱ्या कारकुनाने वर बघितलं. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याला लिहिता येईल अशा बेताने.

दादा, त्या दिवशी शाळेत त्यांनी चहाचा कप का सरकवला आणि त्या का हसल्या नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होते त्या मला परीक्षेला बसवतायत. त्या स्वतः माझ्याशेजारी बसल्या होत्या. एवढं मोठं माणूस मी इतक्या जवळून पाहिलं, त्यांच्या फाइलची नाडी बांधली, त्यांच्याबरोबर शेंगदाणे खाल्ले, आणि मला पत्ता नव्हता.

मी उठले. उठायचं असं ठरवलं नव्हतं, उठलेली होते. नाव सांगितलं. म्हटलं, सरकारी यादी मी केली. दुपारी केली, चाळीस घरं तर न जाताच केली. दुसरी फेरी करायची मला ताकीद होती, मी केली नाही आणि केली असं सांगितलं. ज्यांनी सही केली त्यांनी माझ्या शब्दावर केली, ते माझे भाऊ आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. सगुणा दारातून म्हणाली, "बस आता, बाय," आणि माझ्याआधी तीच एका खुर्चीवर बसली. मग बाकीच्याही बसल्या.

तुझं नाव मी घेतलं. त्याची क्षमा मागणार नाही, कारण जे सांगितलं ते खरं होतं. तुझ्याशी खोटं बोलले, त्याची मात्र मागते. तुझ्या पायांवर डोकं ठेवून मागते.

कुंदा

अंधेरी,
रविवार, २० मार्च १९५५

ती. दादास,

बातम्या आधी सांगते. जुनी यादी रद्द झाली. नवी होईपर्यंत मैदान कुणालाच द्यायचं नाही असं ठरलं. नवीन यादी दोन वेळा फिरून करायची आणि प्रत्येक बाईला समक्ष विचारायचं, हे समितीने लेखी घातलं आहे. मैदान कायमचं वाचलं असं कुणी म्हणत नाही. यंदाचे बोंबील मात्र तिथेच वाळतायत. मला ताकीद मिळाली आणि जूनपासून मुलुंडच्या शाळेत बदली. आत्या म्हणते मुलुंडची हवा चांगली आहे. वनमालाबाईंच्या प्रबंधावरून त्या शिकवतात तिथे काय काय बोललं जातंय ते त्या सांगत नाहीत. मागच्या आठवड्यात भेटल्या तेव्हा चौथं प्रकरण नव्याने लिहीत होत्या. सगुणाने त्यांना सोडे पाठवले होते. बाई मासे खात नाहीत. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि शेजारणीला नेऊन दिले, आणि तिला सांगितलं ते किती तासांच्या कामाचे आहेत.

काल नाशिकचं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. नुसता तो तक्ता, भरलेला. वर नाव, सौ. सुनंदा. मागच्या बाजूला वहिनीने पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे: "यांनी कचेरीला खुलासा दिला की न तपासता सही करणं ही चूक माझी. तुला कळवू नको म्हणालेत." वहिनी, कळवलंस ते बरं केलंस.

पण तक्त्यातलं अक्षर वहिनीचं नाही. चौतीसच्या चौतीस खण तुझ्या अक्षरात आहेत, दादा. पाच, चूल पेटवणे. साडेपाच, पाणी तापवणे. साडेनऊ, डबा. तू तिला समोर बसवून विचारलंस आणि ती सांगत गेली, हे मला डोळ्यांपुढे दिसलं. संध्याकाळी साडेसातच्या खणात तर तू लिहिलं आहेस, "ह्या तक्त्यासाठी माहिती देणे, देता देता शेंगा सोलणे." खाली तुझी पद्धत: समक्ष विचारून लिहिले. आणि सही. ती सही बघून मी रडले. आत्याला वाटलं कुणी गेलं.

आता एक सांगते, रागावू नकोस. दुपारी अडीचच्या खणात तू "विश्रांती" लिहिलं आहेस. गेल्या मे महिन्यात मी पंधरा दिवस तुमच्याकडे होते. तुमच्या नळाला पाणी दुपारी अडीचला येतं. खालून दोन कळशा, मग पुन्हा दोन, पिंप भरेपर्यंत. ती "तेव्हा काही नाही" म्हणाली असेल, आणि तू तेव्हा कचेरीत असतोस.

वहिनीला परत विचार. भाऊबीजेला येशील तेव्हा दुरुस्त केलेला तक्ता घेऊन ये, मी पाट मांडून ठेवते.

तुझी,
कुंदा